खडकवासल्याचे पाणी आणि सोमालियाचे भोवरे

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की सदाशिव पेठेतली मंडळी अलका चौक ओलांडून लकडी पुलावर पाणी पाहायला जातात. पुलाच्या खांबांमागे भोवरे सुटताना दिसतात, एक डावीकडे फिरणारा, पुढचा उजवीकडे. अशा उलट दिशांच्या भोवऱ्यांचे सहसा जमत नाही. एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे मात्र पुरेसे जवळ आले, की आधी एकमेकांभोवती फेर धरतात, मग पाण्याचे लांब पट्टे बाहेर भिरकावत एकच मोठा भोवरा होतात.

अरबी समुद्रात हेच शेकडो किलोमीटरच्या मापाने घडते. नैऋत्य मोसमी वारे वाहू लागले, की सोमालियाच्या किनाऱ्याजवळ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा प्रचंड भोवरा तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला ‘ग्रेट व्हर्ल’ म्हणतात. दक्षिणेला त्याच दिशेने फिरणारा दुसरा असतो. दोघांच्या कडेने खोलातले थंड पाणी वर येते आणि पाचरीसारखे समुद्रात घुसते. काही वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात दक्षिणेचा भोवरा वर सरकून ग्रेट व्हर्लमध्ये विलीन होतो, आणि थंड पाण्याची पाचरही त्याच्याबरोबर उत्तरेकडे जाते.

पुणेकराला याचे काय? सोमालिया-ओमानकडचे थंड पाणी कमी वर आले, तर तिथले बाष्पीभवन वाढते आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पाऊस वाढण्याकडे कल असतो, असे अभ्यास सांगतात. पाऊस एकट्या भोवऱ्यावर ठरत नाही, हे खरेच. पण पेठेतल्या नळाचे पाणी घाटातल्या पावसाचेच आहे.

तरीही अंदाजाची चर्चा नकाशावरच्या वाऱ्यांच्या बाणांपाशी संपते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१२ पासून ‘मॉन्सून मिशन’खाली हवा आणि समुद्र एकत्र धरणारी प्रारूपे विकसित झाली. दिशा योग्यच आहे. उणीव मोजमापाची आहे. उपग्रहाला भोवऱ्याचा फुगवटा दिसतो, खालची उष्णता दिसत नाही. त्यासाठी ‘आर्गो’ तरंगते यंत्र लागते. ते २००० मीटरपर्यंत बुडी मारून साधारण दहा दिवसांनी एकदा वर येते. तेवढ्या काळात भोवरा जागचा हललेला असतो. त्यात सोमालियाजवळ चाचेगिरीच्या वर्षांत संशोधन जहाजांना जाणेच धोक्याचे झाले होते.

हे विरळ जाळे दाट करण्याचा खर्च समुद्रशास्त्राच्या खात्यात ढकलून चालणार नाही. तो धरणांच्या खर्चाशेजारी मांडायला हवा. ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ असताना पाणी राखायचे की नदीत सोडायचे, हे ठरवणाऱ्याला उरलेल्या हंगामाचा अंदाज लागतो. आणि २५ जुलै २०२४ ला पाणी कुठपर्यंत शिरले होते, ते एकतानगरीतल्या रहिवाशांना विचारावे.