मान बदलून गिटार मोठी होत नाही

परवा एका मित्राने लेकीसाठी फेंडर मस्टँग घेतली. आठवड्यात फोन: "अरे, ही लहान मुलांची वाटते. हिला स्ट्रॅटोकास्टरचा नेक बसवू का?" डोकंच फिरलं.

मंडळी, आधी गणित. मस्टँगची स्केल २४ इंच, स्ट्रॅटची २५.५. बारावा फ्रेट नट आणि ब्रिजच्या मध्यावर हवा, म्हणजे एकीला १२ इंचांवर, दुसरीला १२.७५ वर. स्ट्रॅटचा नेक मस्टँगवर ठोकलात की ब्रिज जवळ पडतो. वरच्या फ्रेटवर जाल तसा सूर चढत जातो. पाऊण इंचाची चूक सॅडलच्या स्क्रूने भरून निघत नाही. मग ब्रिज हलवा, बॉडीला नवी भोकं पाडा. तिथे 'अनडू' नाही!

"पण तारा ढिल्या लागतात ना?" लागणारच. त्याच तारांवर ताण साधारण ११ टक्के कमी. मग दहाच्या जागी अकराचा सेट लावा, नटच्या खाचा बघा, ट्रस रॉड नि इंटोनेशन जुळवा. संपलं.

मस्टँग १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी आली, कबूल. पण १९६२ ची जॅग्वार फेंडरची सगळ्यात महागडी गिटार होती, तीही २४ इंचीच.

नेक बदलायला माझा विरोध नाही. २४ इंची नेक खुशाल बदला, जाड-बारीक हवा तसा घ्या.

पोरीची बोटं त्या गिटारवर मजेत पोचतायत. तिला 'तुझी खरी गिटार नाही' असं कशाला शिकवायचं?

असो. ड्रिल लपवून ठेवायला सांगितलंय.