एका सामन्यात संपणारा हंगाम आम्हाला मान्य नाही!
चारठाण्याच्या मुलींना बास्केटबॉलची लीग हवी

चारठाणेकर आयाबहिणींनो, बापमंडळींनो, गुरुजनहो,

शालेय क्रीडा स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. हरलं की पिशव्या उचलायच्या आणि परतीची एस.टी. धरायची. सोळा संघ उतरले, तर पहिल्याच फेरीत आठ संघांचं वर्ष संपतं. बास्केटबॉलचा पूर्ण सामना चाळीस मिनिटांचा. वर्षभर घाम गाळून पोरीच्या वाट्याला चाळीस मिनिटं! त्यातही बदली खेळाडू म्हणून बाकावर बसली, तर तेवढीही नाहीत. आणि मग आपणच म्हणतो, खेड्यातल्या पोरींना हे शहरी खेळ जमत नाहीत. या बोलण्याचा आम्हाला संताप येतो. हरल्यावर पुन्हा उतरायलाच मिळालं नाही, तर ती शिकणार कधी? अंगावर दोघी धावून आल्या असताना मान वर ठेवून पास द्यायचा, हे एकटीने रिंगवर चेंडू टाकून येत नाही. त्याला सामने लागतात. पुष्कळ सामने लागतात.

म्हणून लीग. चारठाणा, जिंतूर, बोरी, येलदरी, सेलू आणि शेजारच्या जालना जिल्ह्यातलं मंठा, असे सहा संघ. प्रत्येकाशी एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या गावात. एकूण तीस सामने, प्रत्येक संघाला दहा. या रविवारी हरली, तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा मैदानात.

पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद लागतं. तेवढं नसेल तर थ्री बाय थ्री खेळा. एकच रिंग, १५ बाय ११ मीटर जागा, संघात बदली खेळाडू धरून चार मुली, दहा मिनिटांचा सामना. त्याआधी २१ गुण झाले की तिथंच निकाल. हाच प्रकार टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला गेला, त्यामुळे याला कुणी पोरखेळ म्हणू नये. एस.टी.त बायका-मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. रिंग आणि चेंडू त्यातून का येऊ नयेत? जत्रेच्या कुस्त्यांना वर्गणी देणारं गाव पैसे नाहीत म्हणत असेल, तर ते आम्ही ऐकून घेणार नाही.

"लोक बघतील" हा आक्षेप जुनाच आहे. अमेरिकेत आयोवा हे मक्याच्या शेतीचं राज्य. तिथल्या शाळांच्या क्रीडा संघटनेने १९२५ मध्ये मुलींचा बास्केटबॉल सोडून दिला. गर्दीसमोर मुलींनी खेळणं त्या पुरुषांना बरं दिसेना. तेव्हा लहान गावांच्या शाळाप्रमुखांनी मुलींसाठी वेगळी संघटनाच काढली, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या खेड्यांतल्या मुलींचे सामने बघायला अख्खं राज्य लोटत होतं. खेड्यांनी पुढाकार घेतला म्हणून ते झालं. आपल्याकडेही पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. तिच्यासह भारतीय संघाने २०१७ मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. मराठवाड्याच्या मातीत दम नाही म्हणणाऱ्यांनी धाराशिवच्या सारिका काळेचा खो-खो आठवावा. २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला.

आता कडू गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के. लीगने बालविवाह थांबतील असं आम्ही म्हणत नाही. पण जिचं नाव दहा रविवारांच्या वेळापत्रकात छापलंय, ती एखाद्या रविवारी आली नाही तर विचारणारे असतील. तिच्या संघातल्या मुली विचारतील, सर विचारतील, समोरच्या गावचा संघही विचारेल. आज विचारणारं कुणी नाही.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. रविवारी पोरगी घरी असते म्हणून तिलाच शेतात न्यावं लागतं. तरी सकाळचे दोन तास तिला द्या. दहावी-बारावीच्या मुलींची परीक्षा लक्षात घेऊन हंगाम संक्रांतीपर्यंत आटोपू.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते. लीगचा आणि दहा टक्के निधीचा ठराव आम्ही तिथं मांडणार आहोत. आयांनो, लेकींना घेऊन या, हात वर करा, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय उठू नका.

— चारठाण्यातील खेळाडू मुलींचे पालक