रमजानपुरते श्रोते

गेल्या रमजानमध्ये कोल्हापुरात रिक्षाने चाललो होतो. रेडिओवर एरवी अकरा महिने रांगड्या कोल्हापुरीत बोलणारी आरजे एकदम 'आदाब, जनाब' करत उर्दूछाप हिंदीत शिरली. मग कव्वाली, मग अत्तराच्या दुकानाची जाहिरात. रिक्षावाले चाचा आरशात बघून म्हणाले, "ही आता आमच्याशी बोलाय लागली बघा." त्यांचं हे वाक्य मराठीतच होतं, हे त्या आरजेला कोण सांगणार?

स्टेशनवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: लोकांना हेच आवडतं. माझा आक्षेप इथेच आहे. कुठल्या लोकांना? मोजलं कुणी?

रेडिओचे श्रोते नियमित मोजायची 'रॅम' नावाची पद्धत टॅम कंपनीने २००७ साली सुरू केली. निवडलेल्या लोकांना डायरी द्यायची, कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते त्यांनी लिहायचं. ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांसाठी उभी राहिली. साडेपाच लाखांचं कोल्हापूर त्यात नव्हतं, सोलापूरही नव्हतं. माझं रोजचं काम आकड्यांचंच आहे. मुंबईतल्या वापरकर्त्यांचा डेटा कोल्हापूरच्या रकान्यात चिकटवून मी मॅनेजरसमोर ठेवला, तर तो मला दुपारपर्यंत घरी पाठवील. रेडिओच्या धंद्यात मात्र त्यालाच 'मार्केटची समज' म्हणतात.

आकडा नसला की जाहिरातदार अंदाजाने पैसे टाकतो, आणि अंदाज नेहमी सगळ्यात सुरक्षित जागी जाऊन बसतो. म्हणून गावात स्टेशनं कितीही असोत, नवी हिंदी गाणी, सकाळी विनोदी फोन, रात्री प्रेमाचे सल्ले. एकावरचं गाणं संपलं की बटण फिरवा, तेच दुसऱ्यावर सुरू. मुंबईसारख्या शहरात थोडे टक्के श्रोतेसुद्धा लाखांत जातात, त्यामुळे तिथे वेगळ्या आवडीचं स्टेशन तग धरू शकतं. मध्यम शहरात तो धोका कुणी पत्करत नाही.

एका स्टेशनच्या जाहिरात विभागातल्या ओळखीच्या माणसाला मी विचारलं, तुमच्याकडे मुस्लिम श्रोते किती? तो हसला. "भाई, तुमचा काय, कुणाचाच पक्का आकडा नाही. पण ईदला पॅकेज विकलं जातं." म्हणजे आपण श्रोते नाही, सीझन आहोत. घरी दखनी, शाळेत मराठी, बाजारात मराठी, नमाजेत अरबी असा माणूस त्यांच्या तक्त्यात बसत नाही. मुसलमान म्हटलं की उर्दू, मराठी म्हटलं की 'दुसरे', एवढीच त्यांची वर्गवारी. सिनेमाने हे केलंच होतं, रेडिओने फुकटात उचललं.

हे फक्त मानापमानाचं असतं तर मी लिहिलं नसतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. मी पुण्यात होतो. अम्मीला फोन लागत होता, पण कुठला रस्ता उघडा आहे, कुठली गोष्ट खरी आणि कुठली अफवा, हे तिला गल्लीतल्या बायकांकडूनच कळत होतं. बिनइंटरनेटचं, प्रत्येक घरात पोचू शकणारं साधन एकच: रेडिओ. आणि आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवावं, एवढीच मुभा. वाहतूक, हवामान, पाणी, वीज, आपत्तीच्या सूचना चालतात. बंदी उठवायची याचिका २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयात गेलेली आहे. ट्रायनेसुद्धा सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटं बातम्यांची शिफारस केली. या मागणीत आपल्या संघटनांचा आवाज मला कुठे ऐकू आला नाही.

आता आपल्यांविषयी. हा विषय काढला की अर्धे म्हणतात, "रेडिओ मेलाय, पॉडकास्ट काढू." पॉडकास्ट जरूर काढा, पण तो तुमच्यासारखेच ऐकतील. रिक्षावाले चाचा आणि माझी अम्मी नाही ऐकणार. उरलेले अर्धे म्हणतात, "स्टेशन मिळालंच तर दिवसभर बयान लावू." मग त्या आरजेत आणि आपल्यात फरक काय राहिला? तिनेही आपल्याला मजहबपुरतंच ओळखलं होतं. अमीन सयानींच्या आईने, कुलसूम सयानींनी, 'रहबर' हे नियतकालिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिपींत काढलं होतं, कारण वाचणारे तिन्हीकडे होते. वाचणारा आधी, लिपी नंतर.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. २००६ पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येतो. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. कोल्हापूर शहर त्यात सहज मावतं. म्हसवडला 'माणदेशी तरंग' चालतं. हरियाणातल्या मुस्लिमबहुल नूह जिल्ह्यात 'अल्फाज-ए-मेवात' २०१२ पासून शेती, आरोग्य आणि सरकारी योजनांवर बोलतं, तेही तिथल्या बोलीत. स्वतःच्या बातम्यांची बंदी यांनाही आहे, हे खरं. पण जन्मदाखला कसा काढायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, आज कुठल्या पेठेत पाणी नाही, आणि हे सगळं आयेशा नावाच्या मुलीने कोल्हापुरी मराठीत सांगायचं, समोर ऐकणारा कुणीही असो. एवढ्यावर बंदी नाही.

अर्जासाठी किमान तीन वर्षं समाजात काम केलेली नोंदणीकृत संस्था लागते. आपल्या शहरात अशा ट्रस्टची कमी नाही, त्यातल्या निम्म्यांचे पदाधिकारी सालाबाद इफ्तार पार्टीच्या फोटोंत दिसतात. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एडिटिंग, कॉम्प्युटर हे मी आणि माझे चार मित्र बघतो. तीन वर्षांचे हिशेब ऑडिट झालेले असा ट्रस्ट कुणाच्या ओळखीत असेल, तर त्यांच्या सेक्रेटरीसाहेबांशी गाठ घालून द्या.