हा ताल कोणाचा?

'प्रोपेन नाइटमेअर्स' हे गाणे घरी मोठ्या आवाजात लावलेत, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. कोणीतरी वडीलधारे म्हणतील, "तो गोंगाट बंद कर." आणि थोडे जाणकार असले तर पुस्ती जोडतील, "सगळे यंत्रच वाजवते. त्यात माणसाचे कसब ते काय?" पहिली तक्रार आवडीनिवडीची आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरी मात्र तपासून पाहता येते, आणि माझ्या मते ती चुकीची आहे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या पेंड्युलम या वाद्यवृंदाचे हे गाणे 2008 साली निघाले आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याची शैली 'ड्रम अँड बेस', म्हणजे वेगवान ड्रम आणि खाली खोल खर्ज. या मंडळींपैकी काहीजण आधी रॉक संगीत वाजवीत. तेव्हा संगणकावर रचलेल्या तालाला त्यांनी गिटार व गायकाचा आवाज जोडला. हे गाणे ज्या संग्रहात आहे त्याचे नाव 'इन सिलिको'. काचेच्या नळीतल्या प्रयोगाला शास्त्रज्ञ 'इन व्हिट्रो' म्हणतात. त्याच धर्तीवर संगणकात, म्हणजे सिलिकॉनमध्ये, केलेल्या प्रयोगाला 'इन सिलिको'. यंत्र लपवायचा त्यांचा विचार मुळी नव्हताच!

आता लय पाहा. ती मिनिटाला सुमारे 174 मात्रांची, म्हणजे एक मात्रा 0.34 सेकंदाची. या गतीने टाळ्या वाजवून बघा, लवकरच हात भरून येतील. पण ऐकताना तसा थकवा वाटत नाही. कारण ठसठशीत आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. तेवढेच मोजले तर मिनिटाला 87. पाय आपोआप या निम्म्या गतीने हलतो. तबल्यात ठाय लयीवर दुगुन, चौगुन ऐकणाऱ्या कानाला यात परके काहीच नाही.

"निदान गिटार तरी खरे वाद्य आहे," असे कोणी म्हणेल. पण विजेच्या गिटारची तार नुसती छेडली तर शेजारच्या बाकालाही नीट ऐकू जात नाही. तारेखाली चुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडेने 1831 साली दाखवलेले, तुमच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा प्रवाह प्रवर्धकात प्रमाणाबाहेर वाढवला की तरंगांचे माथे छाटले जातात, नवे उपस्वर निर्माण होतात आणि रॉकचा तो खरखरीत आवाज येतो. सिंथेसायझरमधल्या तरंगाचेही माथे असेच छाटता येतात. मग 'खरे' वाद्य कोणते आणि 'यंत्र' कोणते?

खर्जाची युक्ती तर आपल्या ओळखीची आहे. सेकंदाला 50 आणि 51 कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले, तर आवाज सेकंदातून एकदा फुगतो आणि ओसरतो. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा किंचित चुकल्या की हीच लाट ऐकू येते. तंबोरेवाला ती घालवायला झटतो. ड्रम अँड बेसवाले ती मुद्दाम ठेवतात. (हा खर्ज मोबाइलवर शोधू नका. 50 कंपनांच्या स्वराची हवेतली तरंगलांबी जवळजवळ सात मीटर. नखाएवढ्या ध्वनिवर्धकाला तो पेलत नाही. मोबाइलवर ऐकून या संगीताला नावे ठेवणाऱ्याने अर्धेच संगीत ऐकलेले असते.)

राहिला ड्रम. ही शैली 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये घडली, आणि तिच्या पायाशी आहे एका माणसाने हाताने वाजवलेला तुकडा. अमेरिकेतील 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या 1969 सालच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात बाकीची वाद्ये क्षणभर थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. चार आवर्तने, जेमतेम सात सेकंद. पुढच्या पिढीने तो तुकडा यंत्रात घेतला, कापला, उलटसुलट जोडला आणि पळवला. मिनिटाला 137 च्या आसपास असलेली त्याची गती 174 केली तर वेग 1.27 पट होतो. नुसती तबकडी जोरात फिरवून हे केले, तर स्वरही तितकाच चढतो: पेटीवर 'सा'पासून जवळजवळ शुद्ध 'ग'पर्यंत. गणकयंत्रावर 1.0595 चा चौथा घात काढून ताडून पाहा.

हा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. माझा आक्षेप असलाच तर तो इथे आहे. यंत्राने माणसाचे कसब पुसले नाही, ते जगभर नेले. पण नेणाऱ्यांनी त्याची किंमत दिली नाही. कोलमनला या वापराबद्दल काहीच मिळाले नाही. तो 2006 साली हलाखीत वारला. 2015 साली ब्रिटनमध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली आणि जमलेले सुमारे 24,000 पौंड वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला दिले. तोवर कोलमन जाऊन नऊ वर्षे झाली होती.