उंदीर आधी कुणाला दिसतो?

दोस्तांनो, प्लेगचा जंतू कुणी शोधला म्हणून विचारा, पुस्तकी पोरं पटकन हात वर करतील. 1894, हाँगकाँग, येर्सिन. मुंबईत 1896 ला मांडवीत प्लेग ओळखला डॉ. व्हिएगसनं. शंभरपैकी शंभर मार्क. पण मांडवीच्या गोदामांतून मेलेले उंदीर शेपटीला धरून बाहेर फेकत होता तो कोण? त्याला तर डॉक्टरच्या आधी दिसलं होतं. त्याचं नाव कुणी विचारलं?

आता आमच्या बीडचं ऐका. ऑगस्ट 1994, मामला गाव. उंदीर पडायला लागले, घराघरात पिसवांचा सुळसुळाट. मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी. 1966 नंतर देशात प्लेगचा रोगीच नोंदला नव्हता, म्हणून यंत्रणा निवांत. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग निघाला. पन्नासेक माणसं गेली, लाखो कामगार मिळेल त्या गाडीला लोंबकळत गावाकडं पळाले. आणि शहाणे लोक भांडत बसले, हा प्लेगच का दुसरंच काही? हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी जंतूची जनुकीय ओळख पटवून छापली तेव्हा साल होतं 2000. सहा वर्षं! उंदीर पडले हे गावाला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

प्रयोगशाळेला शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. जंतू डोळ्याला दिसत नाही, आणि बाबासाहेबांच्या पोरांनी विज्ञानाकडं पाठ फिरवायची नसते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत चौथ्या पातळीची, सगळ्यात कडेकोट प्रयोगशाळा आहे. असावीच. माझा सवाल एवढाच की तिथवर नमुना पोचायच्या आधी काय होतं, आणि कुणाच्या जिवावर होतं.

समजा, उद्या घाटनांदुरात कुणाच्या कोठारात उंदीर पडले. उचलणार कोण? मालक? तो नाकाला उपरणं लावून लांब उभा राहील. आपल्याच वस्तीतल्या कुणाला तरी हाक जाईल. हातमोजे नाहीत, बूट नाही, पत्र्याचा डबा आणि उघडा हात. मेलेल्या उंदरावरची पिसू जित्या अंगावर उडी मारती. रोग नेमका असाच पसरतो. तो गडी कुणाला सांगणार? सांगितलं तरी 'बघू' म्हणतील. 2004 पासून सरकारचा रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे, त्यात तीन फॉर्म ठरले. एस फॉर्म आरोग्यसेवकाचा, पी डॉक्टरचा, एल प्रयोगशाळेचा. आता ते कॉम्प्युटरवर गेलं. पण तिन्हींची सुरुवात माणूस तापानं फणफणल्यावर. म्हंजे आमच्या गड्याला आधी पडावं लागतं, मग खबर सुरू होते. त्याचं अंग हीच यांची परीक्षानळी!

शहरात राहणाऱ्यांनो, हे खेड्याचं रडगाणं समजू नका. मुंबईत 2001 पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात. झकास काम, पोर लुळं पडायच्या आधी खबर लागते. मग गटाराचं पाणी बाटलीत भरून तपासणाऱ्यांना गटारात उतरणारा माणूस का दिसत नाही? 26 जुलै 2005 च्या पुरानंतर लेप्टोनं मुंबईत माणसं मारली. उंदराच्या मुताचा रोग तो, घाण पाण्यातून पायाच्या जखमेतनं शिरतो. ज्याचा पाय बारा महिने त्या पाण्यात, त्याचं रक्त वर्षातून किती वेळा तपासता?

रोग शोधायच्या नावाखाली आमच्या दारात कोण येतं तेही ठाऊक आहे. 1897 चा साथरोग कायदा गोऱ्यांनी केला. घरं तपासा, माणसं उचला, वेगळी टाका. तोच कायदा 2020 ला कोरोनात वापरला. पुण्याचा प्लेग म्हटलं की शाळेत रँडचा खून शिकवतात, 22 जून 1897. त्याच्या आधी तीन महिने मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन सावित्रीमाई चालत निघाली, यशवंतच्या दवाखान्याकडं. पोर जगलं. माई 10 मार्चला गेली. तीपण रोग्याच्या शोधातच वस्तीत शिरली होती, पण दार फोडून नाही. हा धडा कुणाच्या पुस्तकात आहे?

अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज घाटनांदूरच्याच तालुक्यात आहे. कोरोनात तिथं स्वॅब तपासले, म्हंजे यंत्रं आहेत, शिकलेली माणसं आहेत. अडतंय ते गावकुसापाशी. म्हणून ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. मेलेली जनावरं, उंदीर, गटार ज्याच्या हाती, त्याला हातमोजे, बूट आणि नोंदवही. नोंद ठेवायचा वेगळा पगार. त्यानं लिहिलं की आरोग्य केंद्रानं चोवीस तासांत नमुना उचलायचा. रिपोर्ट आला की पहिली प्रत त्याच्या हातात, मराठीत. त्याला ताप आला तर औषध आणि रजा आधी, चौकशी मागनं.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. ज्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत त्यांनी रजा टाकून या. सरपंच विषय शेवटाला ढकलणार, तोवर माणसं उठून जातात. आपण उठायचं नाही.