बाँड तुमचा आणि उचल त्यांची

दोन वर्षांच्या बाँडला 'गुलामगिरी' म्हणायची आपल्या आयटीवाल्यांत फॅशन आहे. मंडळी, एकदा हंगामात इस्लामपूरच्या आसपासचे उसाचे फड बघून या. २०२५ मध्ये गावाचं नाव बदलून ईश्वरपूर झालं, फडातली रीत मात्र तीच!

बीडकडून आलेल्या नवरा-बायकोला मिळून तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायची ती हत्यारानं! मुकादम आधी उचल देतो, मग ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. आजारी पडून एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे वर दंड. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडमधल्या हजारो बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण.

कर्जापायी काम सोडायची मुभाच उरत नसेल, तर १९७६ च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी. कारखाने म्हणतात, आमचा करार मुकादमाशी. अहो, ऊस तुमच्याच काट्यावर येतो ना? मग नेमणुकीचं पत्र, हजेरी, पीएफ हेही तुम्हीच द्या. साखर तुमची आणि माणसं मुकादमाची, हा कुठला सहकार?