भर सकाळचा पिंगळा

पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा आणि पाखराची भाषा कळते असे सांगत भविष्य वर्तवणारा पिंगळा महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला चांगला आठवतो. ज्या पाखराच्या नावाने तो ओळखला जातो ते पाखरूही अंधाराचेच सोबती. वाटोळ्या डोळ्यांचे हे छोटेसे घुबड दिवेलागणीला ढोलीतून बाहेर पडते आणि उजाडले की पुन्हा आत शिरते. मग भर सकाळी, कोवळ्या उन्हात असे घुबड समोरून उडत गेले तर? बहुतेक जण म्हणतील, "असेल पिंगळाच. वेळ चुकली असेल बिचाऱ्याची!"

अशा 'असेल'मुळे केवढा घोळ होऊ शकतो, याची एक सत्यकथा आहे. तिची सुरुवात रायपूरजवळची आणि शेवट आपल्या खानदेशातला.

निराळे घुबड

रायपूरहून संबलपूरच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर गेले की बसना लागते. हा मुलूख जुन्या फुलझर जमीनदारीचा. १९९८ पर्यंत तो रायपूर जिल्ह्यात होता, आता महासमुंद जिल्ह्यात आहे. डिसेंबर १८७२ मध्ये इथल्या रानात एफ. आर. ब्लेविट यांनी एक छोटे घुबड मारले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी त्याला बंदुकीने टिपायचे, मग आत कापूस भरून त्याचे कातडे जपून ठेवायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची, अशी रीत होती.

हे घुबड पोहोचले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूमसाहेब. पक्ष्यांचा त्यांना भारी नाद. 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक ते चालवत. हे घुबड नेहमीच्या पिंगळ्यासारखे दिसत असले तरी पिंगळा नव्हे, हे त्यांनी ओळखले आणि १८७३ मध्ये त्याला 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' असे नाव दिले. 'हेटेरोग्लॉक्स' म्हणजे निराळे घुबड! मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो.

१८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आज ओडिशात असलेल्या खरियारच्या परिसरात आणखी एक रानपिंगळा मिळाला. मग १८८०च्या सुमारास खानदेशात नेमणुकीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या रानातून काही मिळवले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा जणू अदृश्य झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कातडी उरली, आणि जिवंत पक्षी कोणालाच दिसेना.

खोटी चिठ्ठी

मधल्या काळात कोणाला तो दिसला नाही असे नाही. दिसल्याचे दावे झाले, छायाचित्रेही निघाली. पण बारकाईने पाहिल्यावर ती नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्याची ठरली. डॉ. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनाही रानपिंगळ्याने दर्शन दिले नाही. डॉ. अली १९८७ मध्ये गेले तोवर या पक्ष्याचा पत्ता नव्हता.

एकच नोंद १८८४ नंतरची होती. गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला १९१४ मध्ये रानपिंगळा मिळाल्याची चिठ्ठी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या एका कातड्याला बांधलेली होती. ते कातडे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांचे. बडे लष्करी अधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

शंका घेतली अमेरिकेच्या डॉ. पामेला रासमुसेन यांनी. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ नायजेल कॉलर यांच्या साथीने त्यांनी ते कातडे तपासले, त्याचे एक्स-रे काढले. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरायची एक ढब असते, जशी प्रत्येक सुगरणीची करंजीला मुरड घालायची तऱ्हा वेगळी. या कातड्यावर ढब होती डेव्हिडसन यांची! म्हणजे डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेलाच पक्षी कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून लांबवला, उसवून नव्याने भरला आणि खोट्या गावाची, खोट्या तारखेची चिठ्ठी बांधून आपला म्हणून मिरवला. १९९९ मध्ये हा सारा प्रकार प्रसिद्ध झाला आणि पक्षिजगतात खळबळ उडाली.

पण त्याआधीच या तपासाचा मोठा लाभ झाला होता. मांडवीची नोंद बाद झाल्यावर भरवशाची ठिकाणे उरली दोनच: पूर्वेला फुलझर-खरियारचा पट्टा आणि पश्चिमेला शहाद्याचा परिसर.

२५ नोव्हेंबर १९९७

नोव्हेंबर १९९७ मध्ये डॉ. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. हाती काही लागले नाही. तिथून त्यांनी मोर्चा वळवला खानदेशाकडे. योगायोग असा, की बसना आणि धुळे ही दोन्ही गावे एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत. त्याचा आजचा क्रमांक ५३. रायपूर आणि नागपूर त्याच वाटेवर लागतात.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर एका निष्पर्ण झाडावर एक घुबड बसलेले बेन किंग यांना दिसले. दिवस चांगला वर आलेला. घुबडाने अंग चोरून ढोलीत बसावे अशी ही वेळ. आणि हे महाशय उन्हात ऐटीत बसलेले! "असेल पिंगळाच" म्हणून तिघे पुढे गेले असते तर? पण त्यांनी आधी माथा पाहिला, मग छाती, मग पोट. संग्रहालयातल्या कातड्यांवरून पाठ केलेली एकेक खूण जुळत गेली. त्यांनी छायाचित्रे घेतली, व्हिडिओ चित्रण केले. १८८४ नंतर ११३ वर्षांनी रानपिंगळा जिवंत सापडला होता.

तो अवेळी बाहेर पडला नव्हताच. रानपिंगळा दिवसाच वावरतो. थंडीच्या दिवसांत सकाळी उंच, मोकळ्या फांदीवर बसून सरडे, सापसुरळ्या, उंदीर टिपणे हाच त्याचा नित्यक्रम. वेळ त्याची चुकली नव्हती, आपला समज चुकला होता.

ओळखायचा कसा?

नुसते दिवसा दिसले म्हणून घुबड रानपिंगळा ठरत नाही. ठिपकेवाला पिंगळाही ढगाळ हवेत किंवा कावळ्यांनी हुसकावल्यावर दिवसा उडतो. खरी ओळख पटते ती अंगावरच्या खुणांवरून.

पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. डोके आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. उडताना पंखांवरचे आणि शेपटीवरचे रुंद गडद-पांढरे पट्टे उठून दिसतात. पिंगळा गावात, आमराईत, पडक्या वाड्यातही राहतो. रानपिंगळ्याला मात्र सागाचे कोरडे, विरळ जंगल लागते.

हाच नियम इतर पक्ष्यांनाही लागू आहे. रायपूरच्या एखाद्या तलावावर भर मे महिन्यात नारिंगी रंगाचे मोठे बदक उडताना दिसले आणि त्याच्या पंखांवर मोठे पांढरे पट्टे असले तर तो चक्रवाक. तो हिवाळ्याचा पाहुणा. उन्हाळ्यात दिसला तर जखमी किंवा अशक्त असल्याने मागे राहिला असेल. अशा वेळी आधी तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी. मग आकार, रंग, उडण्याची तऱ्हा, आवाज टिपावा. जमल्यास छायाचित्र घ्यावे. पुस्तक शेवटी उघडावे; आधी उघडले तर त्यातले चित्रच डोळ्यांपुढे राहते. आणि जे दिसले नाही ते लिहू नये. नाव कळले नाही तर 'ओळखता आला नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

चुकीच्या नोंदीची किंमत पक्ष्यालाच मोजावी लागते. जो पक्षी कुठे आहे हे ठाऊकच नाही, त्याचे रान राखणार कोण? १९९७ नंतर तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या सागाच्या जंगलांत रानपिंगळे सापडले. २०१४ मध्ये मुंबईपासून शंभरएक किलोमीटरवरच्या तानसा अभयारण्यातही एक दिसला. तरीही जगातल्या प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत हलवण्यात आले, एवढाच दिलासा. सागाची जुनी, ढोलीची झाडे तुटत आहेत. घुबडाला लक्ष्मीचे वाहन म्हणणारी आपली माणसेच त्याला अपशकुनी ठरवून दगडही मारतात.

कधी सहलीला जाताना सकाळच्या उन्हात सागाच्या शेंड्यावर एखादे छोटे घुबड बसलेले दिसले तर मुलांना गप्प करून गाडी थांबवा. त्याच्या झाडाखाली गर्दी नको, घरट्याजवळ तर मुळीच नको. लांबूनच माथा पाहा, छाती पाहा, पोट पाहा. आणि पाहिलेत तेवढेच लिहा.